सायंकाळची नभोवाणी आणि श्रोत्याचे उत्तर

(ग्रंथालयाच्या वाचक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



अनुवादक हा सामान्यतः पुस्तकाच्या आत, शीर्षकपृष्ठावर लहान अक्षरांत वावरणारा प्राणी. त्याला व्यासपीठावर बोलावण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तो आपण आणलात, याबद्दल प्रथम आभार मानते. आजचा विषय मी माझ्या कामातूनच निवडला आहे. प्रसारणाच्या इतिहासावरील मजकूर मराठीत आणीत असताना एका अगदी साध्या शब्दाने मला अडवून धरले. तो शब्द म्हणजे ‘लिसनर’. त्याला मराठीत ‘श्रोता’ हा प्रतिशब्द तयारच आहे. शोधावा लागत नाही. परंतु दोन भाषांतील या दोन शब्दांचे वजन सारखे नाही, हे मला काम करता करता उमगले.

आपल्या परंपरेत श्रोता हा मुकाट्याने ऐकणारा मनुष्य नव्हे. ज्ञानेश्वरीतले श्रोते मधूनच बोलतात, वक्त्याला विषयावर परत आणतात, त्याच्या विनयाचे कौतुक करतात आणि कधी त्याला हळूच टोकतातही. वक्ता त्यांच्यापाशी अवधान मागतो, म्हणजे त्यांच्याकडून काही घेतो. कीर्तनातही बुवांच्या पुढे बसलेला समाज गजरात सामील होतो. ‘श्रोता’ म्हटले की बोलणे आणि ऐकणे यांची ही देवघेव आपल्या मनात गृहीत असते. मग एका यंत्रापुढे बसलेल्या, ज्याचा आवाज पलीकडे पोहोचत नाही अशा माणसाला श्रोता म्हणावे काय? प्रसारणाच्या आरंभकाळातील सायंकाळच्या कार्यक्रमांचा विचार मी याच प्रश्नाच्या अनुरोधाने आपल्यापुढे मांडणार आहे.

सायंकाळच का, असे कोणी विचारील. आज आकाशवाणी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत बोलत असते. त्यामुळे नभोवाणीचे बालपण बहुतांशी दिवेलागणीनंतरच्या काही तासांत गेले, याची आपल्याला कल्पना येत नाही. याची कारणे तीन प्रकारची होती.

पहिले कारण निसर्गाचे. आरंभीची बहुतेक केंद्रे मध्यम लहरींवर चालत. दिवसा सूर्यकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागात, सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर, विद्युद्भारित कणांचा एक थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर जवळजवळ विरून जातो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत पोहोचतात, तेथून परततात आणि शेकडो मैलांवर उतरतात. दुपारी ज्या संचातून जवळचे केंद्रही धड ऐकू येत नसे, त्यातून रात्री दूरच्या शहरातील गाणे ऐकू येई. या थरांचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध करण्यातही रात्रीचाच उपयोग झाला. एडवर्ड ॲपलटन या इंग्रज शास्त्रज्ञाने डिसेंबर १९२४ मध्ये बोर्नमथ येथील प्रक्षेपक, त्या दिवसाचे कार्यक्रम संपल्यावर, या कामासाठी वापरला. पुढे १९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनी याच विषयाच्या संशोधनाची मोठी परंपरा निर्माण केली.

दुसरे कारण माणसाच्या दिनक्रमाचे. कचेरी, गिरणी, दुकान आणि शेत यांतून माणूस मोकळा होतो तो सायंकाळी. घरातील मंडळी एकत्र येतात तीही तेव्हाच. तिसरे कारण व्यवहाराचे आणि थोडेसे भीतीचे. वृत्तपत्रांच्या मालकांना वाटले की बातमी आधी वाऱ्यावरून गेली तर सायंकाळचा अंक विकत कोण घेईल? म्हणून इंग्लंडमध्ये बीबीसीला पहिल्या काही वर्षांत सायंकाळी सातच्या आधी बातम्या देण्यास मनाई होती. अशा रीतीने सूर्य, पोट आणि छापखाना या तिघांनी मिळून नभोवाणीला सायंकाळ नेमून दिली.

आता ज्या दोन सायंकाळी या माध्यमाच्या आरंभबिंदू म्हणून सांगितल्या जातात, त्यांच्याकडे पाहू. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे २ नोव्हेंबर १९२० रोजी केडीकेए या केंद्राने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल रात्री उशिरापर्यंत प्रसारित केले. हार्डिंग आणि कॉक्स यांच्यातील ही लढत. प्रक्षेपक अवघा १०० वॉटचा. निकाल सांगता सांगता निवेदक मधूनच विनंती करी, की हे ज्यांना ऐकू येत असेल त्यांनी कृपा करून आम्हांस तसे कळवावे. दुसरी सायंकाळ लंडनची, १४ नोव्हेंबर १९२२ ची. बीबीसीच्या पहिल्याच दिवशी आर्थर बरोज यांनी बातमीपत्र दोनदा वाचले, एकदा जलद आणि एकदा सावकाश. कोणते वाचन बरे वाटले ते श्रोत्यांनी कळवावे, असे त्यांनी सांगितले.

मला या दोन्ही प्रसंगांत एक साम्य दिसते, आणि ते केवळ योगायोगाचे नाही. यंत्रापुढे उभा असलेला मनुष्य प्रथम विचारतो ते हेच, की ऐकू येते आहे काय? त्याला समोर चेहरे दिसत नाहीत. मान डोलली की नाही, कोणी जांभई दिली की काय, हे कळत नाही. म्हणून तो उत्तराची याचना करतो. शिकागोतील केंद्रांनी तर काही वर्षे सोमवारची रात्र स्वतःहून मौनात घालविली, ती अशासाठी की शहरातील हौशी श्रोत्यांना दूरदूरची केंद्रे निर्वेधपणे ऐकता यावीत. श्रोत्यासाठी प्रसारकाने गप्प बसावे, ही कल्पनाच आज किती अपरिचित वाटते! सारांश, नभोवाणीचा जन्म झाला तेव्हा श्रोत्याच्या उत्तराची गरज प्रसारकाला स्वतःलाच भासत होती. ही गरज पुढे कोठे हरवली आणि कोणी ती परत मिळविली, हे आपल्या देशाच्या संदर्भात पाहावयाचे आहे.

भारतात हौशी मंडळांनी आधीच सुरुवात केली होती. मद्रासच्या रेडिओ क्लबाने १९२४ सालीच प्रसारण सुरू केले होते. परंतु पैशाअभावी १९२७ मध्ये त्याला ते थांबवावे लागले. त्याच वर्षी २३ जुलै रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. २६ ऑगस्टला कलकत्ता केंद्र सुरू झाले. दोन्ही केंद्रांची शक्ती दीड किलोवॉट; आवाज भरवशाने पोहोचावयाचा तो सुमारे ३० मैलांपर्यंत. परवान्याचे शुल्क वर्षाला १० रुपये, आणि संचाची किंमत सामान्य कारकुनाच्या आवाक्याबाहेरची. कंपनी सुरू झाली तेव्हा देशभरात परवाने होते सुमारे एक हजार. १९२९ च्या अखेरीसही ही संख्या आठ हजारांच्या आतच होती. परवान्याच्या शुल्कावर जगणारी कंपनी अशा स्थितीत टिकणे शक्यच नव्हते. १ मार्च १९३० रोजी ती अवसायनात निघाली.

त्या पहिल्या तीन वर्षांतील सायंकाळचे कार्यक्रम कसे असतील, याची कल्पना आपल्याला छापील कार्यक्रमपत्रिकांवरून करावी लागते. कारण त्यांतील आवाज कोणी साठवून ठेवला नाही. सर्व काही प्रत्यक्ष घडत असे आणि घडता घडता विरून जात असे. एकाच केंद्राला एकाच सायंकाळी युरोपीय आणि भारतीय अशा दोन श्रोतृवर्गांना सांभाळावे लागे. म्हणून काही वेळ पाश्चात्त्य वाद्यवृंद, काही वेळ आपल्याकडील गायन-वादन, मध्ये बातम्या आणि भाषण, अशी वाटणी होई. गवयाला घड्याळाचा नवा अंमल स्वीकारावा लागला. रात्र रात्र चालणाऱ्या मैफलीतला राग ठरावीक मिनिटांत मांडावयाचा आणि समोरून दाद नाही! ‘वाहवा’ हा मैफलीतला श्रोत्याचा उद्गार केवळ शिष्टाचार नसतो. गाणे कोणत्या दिशेने न्यावे हे तो गवयाला सुचवीत असतो. तो उद्गार येथे नाहीसा झाला. शिवाय प्रसारण प्रामुख्याने सायंकाळचे, त्यामुळे यमन, पूरिया, मारवा या रागांना हे वेळापत्रक अनुकूल होते. भैरव-तोडीसारख्या सकाळच्या रागांना त्यात साहजिकच फारसा वाव नव्हता.

कंपनी बुडाल्यावर १ एप्रिल १९३० पासून सरकारने दोन्ही केंद्रे आपल्या ताब्यात घेतली. पण जागतिक मंदीचे ते दिवस होते. काटकसरीच्या धोरणात ९ ऑक्टोबर १९३१ रोजी ही सेवा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. येथे आपल्या कथेला वळण मिळते. या निर्णयाविरुद्ध ओरड झाली, आणि ती विशेषेकरून बंगालमध्ये झाली. संच विकणाऱ्या व्यापाऱ्यांकडे माल पडून होता, हे त्यामागचे एक कारण खरे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु केवळ व्यापाऱ्यांच्या गाऱ्हाण्याने हा आवाज उठला नसता. कलकत्ता केंद्राने गाणी आणि नाटके यांच्याद्वारे चार वर्षांत बंगाली मध्यमवर्गाची सायंकाळ आपलीशी केली होती. ‘बेतार जगत’ हे त्या केंद्राचे बंगाली नियतकालिक १९२९ पासून निघत होते. थोडक्यात, तेथे श्रोते तयार झाले होते. २३ नोव्हेंबर १९३१ रोजी, म्हणजे अवघ्या दीड महिन्यात, सरकारला निर्णय फिरवावा लागला, आणि मे १९३२ मध्ये ही सेवा कायम ठेवण्याचे निश्चित झाले. भारतातील प्रसारण आज आहे ते या दीड महिन्यातील उत्तरामुळे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आठ हजारांच्या आसपास परवाने असलेल्या देशात ही गोष्ट घडली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्याच सुमारास दक्षिणेत दुसराच प्रयोग चालला होता. बंद पडलेल्या रेडिओ क्लबाचा प्रक्षेपक मद्रासच्या नगरपालिकेकडे आला, आणि १ एप्रिल १९३० पासून तिने स्वतःचे नियमित प्रसारण सुरू केले. शाळकरी मुलांसाठी पाठ आणि सायंकाळी दोनेक तास संगीत, असा तो बेत होता. ज्याला संच विकत घेणे परवडत नाही त्याने काय करावे, याचे उत्तर नगरपालिकेने आपल्या रीतीने दिले. मरीना किनाऱ्यावर आणि शहरातील उद्यानांत तिने ध्वनिवर्धक बसविले. समुद्रावर फिरावयास आलेला हमाल, कारकून, विद्यार्थी यांनी वाळूत बसून कर्नाटक संगीत ऐकावे, अशी ती योजना होती. दिवाबत्ती, पाणी आणि रस्ते यांच्या बरोबरीने सायंकाळचे गाणे हीदेखील नागरी सोय आहे, हा विचार त्यामागे होता. १९३८ साली ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू होईपर्यंत हे प्रसारण चालले. परवाने मोजून श्रोत्यांची गणना करणाऱ्यांच्या हिशेबात ही वाळूत बसलेली माणसे कोठेच येत नाहीत. म्हैसूरला मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातून ३० वॉटच्या प्रक्षेपकावर केंद्र चालविले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. पुढे हेच नाव राष्ट्रीय प्रसारणसेवेने स्वीकारले, हे आपणांस ठाऊक आहेच.

१९३५ मध्येच लायोनेल फील्डन हे बीबीसीतील अधिकारी भारतीय प्रसारणाचे प्रमुख म्हणून आले. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्ली केंद्र सुरू झाले आणि ८ जून १९३६ पासून या सेवेचे नाव ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे झाले. प्रश्न आता शहरापुरता राहिला नव्हता. या देशातील बहुसंख्य जनता खेड्यांत राहते. तिच्या सायंकाळचे काय? वायव्य सरहद्द प्रांतात पेशावरला १९३५ साली मार्कोनी कंपनीने उसना दिलेला प्रक्षेपक आणि काही सामुदायिक संच यांच्या साहाय्याने हा प्रयत्न झाला होता. दिल्ली केंद्रानेही आसपासच्या खेड्यांसाठी सायंकाळचा कार्यक्रम सुरू केला आणि गावोगाव संच बसविले.

या संचांची घडण मोठी बोलकी आहे. वीज नव्हती, म्हणून ते बॅटरीवर चालत. बॅटरी वाया जाऊ नये आणि यंत्र बिघडू नये म्हणून संच एकाच केंद्राला जुळवून बंद पेटीत ठेवलेला असे. काही संचांना घड्याळाची कळ असे. नेमलेली वेळ झाली की यंत्र आपोआप बोलू लागे आणि वेळ संपली की आपोआप गप्प होई. व्यवस्थेच्या दृष्टीने ही युक्ती उत्तम, आणि त्या काळच्या अडचणी पाहता ती आवश्यकही होती. तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु चावडीपुढे जमलेल्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पेटी आपल्या वेळेला उघडणार, तिला सांगावयाचे ते सांगणार आणि मिटणार. मोठ्याने बोल, पुन्हा सांग, हे आम्हांला पटत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. पिट्सबर्ग आणि लंडन येथील पहिल्या निवेदकांनी विचारलेला प्रश्न या पेटीतून कोणी विचारीत नव्हते. तेथे जमलेला समुदाय मोठा होता; परंतु माझ्या मराठी शब्दाच्या अर्थाने तो अजून श्रोता झाला नव्हता.

माझ्या मामांनी सांगितलेली एक आठवण येथे सांगण्याचा मोह होतो. ती बऱ्याच नंतरची, सहासष्ट-सदुसष्ट सालच्या सुमारची आहे. पण पेटी तशीच होती. त्यांच्या गावी ग्रामपंचायतीचा संच कुलूपबंद कपाटात असे आणि किल्ली एका गृहस्थाच्या करगोट्याला. तो गृहस्थ सोयऱ्यांकडे मुक्कामाला गेला की साऱ्या गावाची सायंकाळ मुकी होई. पोरे ओट्यावर बसून वाट पाहत आणि अंधार पडल्यावर घरी जात. मामा सांगतात, “अगं, बाजारभाव आणि हवामान काय, ते दुसऱ्या दिवशीही कळायचं. पण त्या वेळेला सगळे जमायचे ना, ते राहून जायचं.” संच बंद राहिला म्हणजे नेमके काय हरवते, हे मला कोणत्याही अहवालापेक्षा या वाक्याने अधिक स्पष्ट सांगितले.

पुन्हा इतिहासाकडे वळू. सायंकाळच्या नभोवाणीला श्रोत्यांनी दिलेले सर्वांत धाडसी उत्तर १९४२ चे. ‘चले जाव’ आंदोलनात नेत्यांची धरपकड झाली, वृत्तपत्रांवर बंधने आली आणि सरकारी केंद्रावरून सरकारची बाजू तेवढी ऐकू येऊ लागली. तेव्हा मुंबईत उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटर्सवर ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. पोलिसांचा ससेमिरा चुकविण्यासाठी जागा बदलत, सायंकाळच्या वेळी ही मंडळी बातम्या आणि नेत्यांचे संदेश प्रसारित करीत. राममनोहर लोहिया यांचे त्यांना साहाय्य होते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रसारण चालू असतानाच छापा पडला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. हे केंद्र जेमतेम तीन महिने चालले. परंतु कालपर्यंत जे केवळ ऐकत होते त्यांनीच ध्वनिक्षेपक हाती घेतला, हे त्याचे महत्त्व आहे.

यानंतर पाचच वर्षांनी एक अशी सायंकाळ आली की जिचे उत्तर देण्याची सोयच कोणापाशी नव्हती. ३ जून १९४७ रोजी सायंकाळी दिल्लीहून लॉर्ड माउंटबॅटन, पंडित नेहरू, महंमद अली जीना आणि सरदार बलदेवसिंग यांची भाषणे एकामागून एक प्रसारित झाली. फाळणीची योजना देशाने ऐकली ती अशी, एका तिन्हीसांजेला. लाहोर, अमृतसर, ढाका, कलकत्ता या शहरांत संचाभोवती जमलेल्या माणसांनी आपल्या घराचे आणि गावाचे भवितव्य त्या आवाजातून ऐकले. त्यांपैकी कित्येकांनी त्याचे उत्तर पुढे पायांनी दिले, सीमा ओलांडून. प्रसारणाच्या सामर्थ्याची आपण वाखाणणी करतो तेव्हा ही सायंकाळही स्मरणात ठेवली पाहिजे. एकाच क्षणी कोट्यवधींना सांगता येणे ही शक्ती खरी. पण त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची व्यवस्था त्या शक्तीत आपोआप नसते. ती वेगळी उभारावी लागते. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली ही सहा केंद्रे आली. ही व्यवस्था उभारण्याचे काम त्यांच्यापुढे आणि पुढे निघालेल्या केंद्रांपुढे होते.

अशी व्यवस्था उभारण्याचा एक नमुनेदार प्रयत्न महाराष्ट्रात झाला, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटावा. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. तेथून फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने, ‘शेतकरी रेडिओ मंडळां’चा प्रयोग करण्यात आला. कल्पना मुळात कॅनडातली. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट सोमवारी रात्री एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. पुण्याच्या प्रयोगासाठी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावे निवडली गेली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, सायंकाळी अर्धा तास, असे एकूण २० कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ असे. कार्यक्रम संपला की संच बंद करावयाचा आणि कंदिलाच्या उजेडात चर्चा सुरू करावयाची. चर्चेचा वृत्तान्त आणि गावकऱ्यांचे प्रश्न संयोजक पुणे केंद्राकडे पाठवी, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूरथ यांचा त्यावरील अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. ज्या गावांत मंडळे होती तेथील लोकांच्या माहितीत पडलेली भर ही मंडळे नसलेल्या गावांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळली. आवाज एकच, केंद्र एकच, सायंकाळ एकच. फरक एवढाच की एका ठिकाणी ऐकल्यानंतर बोलण्याची सोय होती. माझ्या मनातल्या प्रश्नाला मला येथे समाधानकारक उत्तर सापडले. यंत्रापुढे बसलेला मनुष्य श्रोता होऊ शकतो. मात्र त्यासाठी यंत्र बंद झाल्यावर काय होते, याची काळजी कोणी तरी घ्यावी लागते. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. सर्वत्र ती तितकीच यशस्वी झाली असे मी म्हणणार नाही. पत्रांना वेळेवर उत्तरे देणे हे परिश्रमाचे काम आहे, आणि कार्यक्रमांची संख्या वाढविण्यापेक्षा ते नेहमीच अवघड असते.

मामांच्या गावीही पुढे असे मंडळ निघाले होते. ज्वारीवरील किडीबद्दल त्यांनी एक प्रश्न पाठविला. उत्तर आले तेव्हा ज्वारी कापून झाली होती! मी विचारले, “मग तुम्ही नाराज झाला असाल?” मामा हसले. म्हणाले, “नाराज कशाला? गावाचं नाव घेऊन उत्तर दिलं होतं. आम्ही लगेच दुसरा प्रश्न पाठवला, तो मात्र पेरणीच्या आधी.” श्रोता कसा घडतो हे मला या उत्तरात दिसते. त्याला उशीर मान्य असतो, चूकही मान्य असते. आपले म्हणणे पोहोचले आहे, एवढी खूण त्याला हवी असते.

मित्रहो, आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात एक यंत्र आहे. ते सायंकाळची वाट पाहत नाही. सूर्य, पोट आणि छापखाना यांपैकी कोणाचीच त्याला आडकाठी नाही. त्यावर उत्तर देणेही क्षणाचे काम झाले आहे. ही सोय लहान नाही आणि जुन्या काळाचे गोडवे गाऊन तिला कमी लेखणे मला योग्य वाटत नाही. कुलूपबंद पेटीपुढे बसलेल्या माणसाला ही सोय मिळाली असती तर त्याने ती दोन्ही हातांनी घेतली असती. परंतु एक गोष्ट लक्षात येते. त्या काळी उत्तर देणे अवघड होते, म्हणून माणसे आधी एकत्र बसत, आपसात बोलत, आणि मग सर्वांचा मिळून एक प्रश्न पाठवीत. उत्तर देणे सोपे झाले तेव्हा हे एकत्र बसणे अनावश्यक ठरले. ते अनावश्यक ठरले म्हणून निरुपयोगी ठरले काय, याचा विचार आपण करावा.

शेवटी ग्रंथालयाच्या चालकांना एक विनंती. आरंभीच्या सायंकाळच्या कार्यक्रमांचे आवाज गेले. ते आता परत मिळावयाचे नाहीत. परंतु ते ऐकणारे, किंवा त्यांच्या पुढच्या पिढीतील मंडळांत बसलेले, चावडीवरील संचापुढे वाट पाहिलेले वृद्ध स्त्री-पुरुष आपल्या आसपास अजून आहेत. त्यांच्या आठवणी आपण लिहून अथवा ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. कोणाच्या माळ्यावर जुन्या कार्यक्रमपत्रिका, परवान्यांची पुस्तके, केंद्राकडून आलेली उत्तराची पत्रे असतील, ती जमवावीत. प्रसारकांचा इतिहास त्यांच्या कचेऱ्यांतून कसाबसा मिळतो. श्रोत्यांचा इतिहास कोणत्याही कचेरीत नाही; तो घरोघरी विखुरलेला आहे आणि दरवर्षी थोडा थोडा नाहीसा होत आहे. अनुवादक म्हणून मला तो मजकूर कोणत्याही भाषेत उपलब्ध झाला नाही, म्हणून ही विनंती.

आणि एक सूचना आजच्यापुरती. माझे बोलणे आता संपले आहे. अध्यक्षमहोदयांची अनुमती असेल तर आभारप्रदर्शन थोडे पुढे ढकलून आपण सर्वांनी खुर्च्या जवळ ओढाव्यात. ज्यांच्या घरी वा गावी सायंकाळी संच लागत असे, त्यांनी बोलावे, आणि माझे जे चुकले असेल तेही सांगावे. मी वही आणली आहे.